नावं ठेवणारे चौगुले सर

जूनमध्ये पहिलीला आलेलं एखादं पोर रडायचं थांबेना, की आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी त्याला ऑफिसात नेत नसत. काखोटीला मारून सरळ तिसरीच्या वर्गात नेत आणि चौगुले सरांच्या टेबलावर बसवत. पुढं काय व्हायचं ते मी दारातून कितीदा तरी पाहिलं आहे. सर आधी त्या पोराकडे बघायचेच नाहीत. फळ्यावर गणित लिहीत राहायचे. मग सावकाश वळून वर्गाला विचारायचे, "आरं, हे इंजान कुणी सोडलं हितं? शिट्टी बघा कशी मारतंय." वर्ग हसायचा. पोर दचकून गप्प व्हायचं, इकडंतिकडं बघायचं आणि सगळी हसताहेत म्हणून आपणही हसायचं. "कोळसा पाहिजे काय रं इंजानाला?" असं म्हणत सर खिशातून गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवायचे. दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळी शाळा त्या पोराला इंजान म्हणायला लागलेली असायची.

आमची शाळा गडमुडशिंगीत, गाव संपून शहर सुरू होतं तिथं. चौगुले सर मूळचे कोडोलीचे, राहायला कोल्हापुरात. नोकरीला लागल्यापासून ते याच शाळेत होते आणि बहुतेक वर्षं तिसरीच त्यांच्याकडे होती. उंच, हाडापेरानं मोठे, आवाज असा की पलीकडच्या इमारतीतल्या माणसाला बोलवायला त्यांना फोन लागायचा नाही. खडू शर्टाच्या खिशात ठेवायची सवय होती, गूळही त्याच खिशात, त्यामुळं खिसा कायम पांढरा आणि चिकट. गूळ भावाच्या गुऱ्हाळातला. हंगाम सुरू झाला की स्कूटरच्या डिकीतून ढेप यायची आणि आधी पोरांना वाटली जायची, मग आम्हाला.

त्यांच्या कपाटात पुस्तकांच्या खाली धुतलेल्या चड्ड्या, एक-दोन फ्रॉक आणि साबणाची वडी असायची. कुणा पोराला वर्गात शी-शू झाली तर आम्ही बाकीचे आईला फोन लावायचो. सर पोराला उचलून मागच्या नळावर न्यायचे, स्वतः धुवायचे, कपडे बदलायचे आणि परत बाकावर आणून बसवायचे. त्यात त्यांना काही वाटायचं नाही. "घरात करतोयच की," एवढंच म्हणायचे.

आणि त्या पोराला एक नाव द्यायचे.

सरांनी नाव ठेवलं नाही असं पोर शाळेत विरळा. सारखं इकडून तिकडं उडणारा फुटाणा, मोठ्यानं बोलणारी भोंगा, पुढचे दात पडलेला बोळकं, हडकुळी सावळी मुलगी खारीक. नाव इतकं चपखल बसायचं की शिक्षकखोलीत आम्हीही तेच वापरायचो. "तुमच्या बोळक्याची फी आली नाही बघा," असं मुख्याध्यापिकासुद्धा म्हणायच्या. खरी नावं फक्त हजेरी घेताना लागायची. मला ते पिपाणी म्हणत, माझा आवाज बारीक म्हणून. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सगळे हसले, मीही हसले. सगळ्यांदेखत न हसणारी बाई मग नोकरी कशी करणार?

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पोरगं हसलं की इसरलं." कुणी पडलं, कुणी नापास झालं, कुणाचा बाप दारू पिऊन शाळेच्या फाटकात येऊन पडला, तरी सरांचं औषध एकच. त्या पोराला हसवायचं. आणि ते हसवायचे, हे खरं. त्यांच्या वर्गात मुलं आनंदानं यायची. पालक आपल्या पोराला चौगुले सरांची तिसरी मिळावी म्हणून वाट बघायचे.

एका वर्षी आम्हाला मुलांच्या भावनिक आरोग्याचं प्रशिक्षण लागलं. शहरातल्या एका शाळेचा हॉल, पुढं एक तरुण बाई, हातात माइक. तिनं आम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, "लहानपणी वर्गात तुम्हाला लाज वाटली होती, असा एखादा प्रसंग आठवा." हॉल शांत झाला. मागून सरांचा आवाज आला. "मॅडम, डोळं मिटलं तर मी घोरंन. मग मातूर लाज वाटंल." सगळा हॉल खदखदून हसला. ती बाईही हसली, पण मानेपर्यंत लाल झाली. नंतर ती मनाचा खंबीरपणा कसा येतो ते सांगायला लागली, तर सर म्हणाले, "त्यात काय सांगायचं, नावं ठिवायची. नावं पचली की पोरगं खंबीर." त्यानंतर तिला कुणी नीट बोलूच दिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती एकटी कोपऱ्यात डबा खात होती. आम्ही सगळे सरांभोवती होतो.

पुढच्या वर्षी माझ्या दुसरीच्या वर्गात आरोही नावाची मुलगी होती. शांत, अक्षर सुंदर, कधी जागेवरून उठायची नाही. तिची पाण्याची बाटली सकाळी भरलेली यायची आणि शाळा सुटताना भरलेलीच परत जायची. "पाणी का पीत नाहीस गं?" विचारलं तर कोल्हापूरच्या मुली बोलतात तशी म्हणाली, "घरी जाऊन पितो." मी सोडून दिलं. लहान मुलांची काहीतरी खोड असते, असं वाटलं.

थंडी संपता संपता एके दिवशी ती बाकावर पोट धरून वाकली. अंग तापलेलं. तिच्या आईला बोलावलं, आईनं दवाखान्यात नेलं. लघवीला संसर्ग झाला होता. संध्याकाळी आईचा फोन आला. "मॅडम, डॉक्टर इचारत हुते, पोरगी पाणी पीत न्हाय काय म्हणून. तिच्या पप्पांनीच सवय लावलीया. शाळेत पाणी प्यायचं न्हाय, म्हणजे मधी उठायला लागत न्हाय." असं का, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. मी म्हटलं, पप्पांना शाळेत पाठवा.

आठवड्याभरानं महेश आला, आरोहीला हाताला धरून. तिशी ओलांडलेला, गावात दुचाकीचं गॅरेज चालवणारा माणूस. बोटांच्या घड्यांत ग्रीस बसलेलं. मी व्हरांड्यात खुर्ची दिली, तर बसला नाही.

"मॅडम, दाखला पाहिजे हिचा."

"अहो, आजारपण काय, होतं बरं. शाळा कशाला बदलताय?"

"पुढच्या वर्षी तिसरीत जाणार न्हवं ही?"

मला त्याचा अर्थ लागला नाही. तेवढ्यात हातात चहाचा ग्लास घेऊन चौगुले सर व्हरांड्यातून आले. महेशला बघून त्यांचा चेहरा फुलला. जुना विद्यार्थी भेटला की फुलायचा तसाच.

"अरे, पंचगंगा. आज इकडं कुठं पाणी चढलं?"

सरांचा आवाज तो. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली. आरोहीनं वर बघितलं. "पप्पा, पंचगंगा कोण?"

महेशनं तिचा हात सोडला. "मी," तो म्हणाला. मग तिला म्हणाला, "आरू, तू वर्गात जा." ती गेली. ती दारातून आत जाईपर्यंत तो तिकडेच बघत राहिला.

मग त्यानं जे सांगितलं ते अगदी खालच्या आवाजात सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

"सर, तुम्ही फळ्यावर भागाकार घातल्याला. मी हात वर केलता, तुम्ही बघितला न्हाय. मग व्हायचं ते झालं. तुम्ही म्हणलासा, आरं दप्तरं उचला, पंचगंगेला पूर आला. सगळा वर्ग दप्तरं घिऊन बाकावर चढला."

"आणि मी तुला नळावर नेऊन धुतलं," सर म्हणाले. "माझ्या हातानं चड्डी बदलली की तुझी."

"व्हय. ते मला आठवतंय. बाकी कुणाला आठवत न्हाय."

सरांनी ग्लास कठड्यावर ठेवला.

"हायस्कूलला गेलो तर नाव माझ्या आधी पोचल्यालं. कबड्डी खेळायचो, तर पलीकडची पोरं पूर आला, पूर आला म्हणून वरडायची. खेळ सोडला. हळदीदिवशी दोस्तांनी आहेरात टमरेल बांधून दिलं, वर पंचगंगा म्हणून चिठ्ठी लावून. बायको इचारती, ह्ये काय? काय सांगू तिला? खऱ्या पुराच्या वर्षी माझं गॅरेज पाण्यात, आणि लोकं फोन करून म्हणत्यात, पावणं, आवरा की आता." त्यानं ग्रीसची बोटं पँटला पुसली. "मी कुणावर चिडत न्हाय. चिडलं की आणखी म्हणत्यात. हसतो. पण हसलो म्हणजे इसरलो असं न्हाय, सर."

मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या. वर्ष संपत आलंय, दाखला निकालादिवशी घ्या, असं त्यांनी त्याला समजावलं. तो मान हलवून गेला. सर तिथंच उभे. आम्ही दोघं-तिघं शिक्षक जवळ गेलो आणि म्हणालो, "सर, मनावर घेऊ नका. काहीजण असतात हळवे." आम्हाला ते म्हणायची फार घाई झाली होती. महेशच्या मागच्या आणि पुढच्या कितीतरी पोरांची नावं आमच्याही तोंडात होती.

पुढचे काही दिवस सर भेटेल त्याला तेच सांगत होते. "मायेनं म्हणलंतं की मी. माझ्या हातानं धुतलं त्येला." मला सांगितलं, मावशींना सांगितलं, भाजीचा डबा उघडता उघडता स्वतःलाच सांगितलं. मग एक दिवस बोलायचे थांबले. वर्गातून हसण्याचा आवाज येईना. डबा खाताना आमच्यात बसायचे, पण खाली बघत.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी स्कूटर घराकडं न वळवता हुपरी रस्त्याला लावली. सोमवारी मला सांगितलं कुठं गेले होते ते. रस्त्याकडेला एक वड्याचं दुकान आहे, त्यावर मोठ्या अक्षरात पाटी आहे, 'फुटाणा वडा सेंटर'. मालक सरांचा जुना विद्यार्थी. सरांनी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, मी तुला नाव ठेवलं, चुकलं माझं. तो हसायलाच लागला. "सर, नावावरच धंदा चाललाय की. पाटी बघा. पोराला बी लोक बारका फुटाणा म्हणत्यात." सरांना वडे खायला घालून वर घरी न्यायला बांधून दिले.

"मग बरं झालं की सर," मी म्हटलं.

"बरं कसलं? त्याला पचलं म्हणून मला वाटलं सगळ्यांना पचतंय. असल्यांनीच मला फसवलं, बाई."

मे महिन्याच्या सुट्टीच्या आधी मी माहेरी नेसरीला निघाले होते. सर म्हणाले, मीही येतो, खारीक तिकडंच दिल्याली हाय. मग एकदम थांबून म्हणाले, "उज्ज्वला." दोघं एसटीनं गेलो. उज्ज्वला आणि तिचा नवरा नेसरीत औषधांचं दुकान चालवतात. तिनं आम्हाला ओळखलं, आत नेलं, चहा केला, मुलांना पाया पडायला लावलं. अंगानं भरलेली, बोलायला मोकळी बाई झाली होती. सर इकडचं तिकडचं बोलत राहिले. चहा संपला, निघालो, उंबऱ्यापर्यंत आलो, तरी त्यांना ते काढता येईना. शेवटी चप्पल घालता घालता खाली बघूनच म्हणाले, "उज्ज्वला, मी तुला वर्गात खारीक म्हणायचो. म्हणायला नको हुतं."

ती पटकन म्हणाली, "सर, ते मी कवाच इसरले. लहानपणाचं काय घिऊन बसलाय?" नवरा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. तिनं तिकडं एकदा बघितलं. मग हसतच म्हणाली, "फकस्त एक हाय. फोटोत मी अजून मधी उभी राहत न्हाय. कडंला बरं वाटतंय."

परतीच्या एसटीत सरांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "आमच्या मास्तरांनी बी मला नाव ठेवलंतं."

"काय?"

त्यांनी मान हलवली. सांगितलं नाही. केस पिकलेला माणूस, इतरांची नावं गावभर वाटणारा, आणि स्वतःचं एक नाव त्याला एसटीच्या शेजारच्या सीटवरही सांगता येत नव्हतं. प्रशिक्षणातल्या त्या बाईनं डोळे मिटायला सांगितले होते, तेव्हा त्यांना काय आठवलं असेल ते मला तिथं कळलं. आणि त्या दिवशी आपण किती मोकळेपणानं हसलो, तेही आठवलं.

महेशकडे ते सगळ्यात शेवटी गेले. खरं तर आधी दोनदा जाऊन लांबूनच परतले होते. गॅरेजात कुणी नसताना आत शिरले आणि म्हणाले, "महेश, माझं चुकलं." महेश चाकातली ट्यूब काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नाव ठेवलासा भर वर्गात," तो म्हणाला, "आणि माफी मागायला आलाय गिऱ्हाईक न्हाय बघून."

हे सरांनीच मला सांगितलं. "बरोबर हाय की त्याचं," म्हणाले.

निकालाला थोडे दिवस राहिले होते. सरांनी मुख्याध्यापिकाबाईंकडे परवानगी मागितली आणि सकाळच्या परिपाठाला माइकसमोर उभे राहिले. महेशला निरोप दिला होता. तो फाटकाबाहेर गाडीवर बसून होता, गाडी चालूच ठेवून. पोरांना सोडायला आलेले काही पालकही थांबले. मैदानात सगळी शाळा रांगेत.

सर म्हणाले, "पोरांनो, मी तुम्हाला नावं ठेवतो. माझं चुकतं. तुमच्या आधीच्या पोरांना पण ठेवली. त्यातल्या एकाला मी फार लागंल असं बोललो. मी त्याची माफी मागतो."

पुढच्या रांगेतलं एक पोर खुदकन हसलं. त्याच्या शेजारचं हसलं. चौगुले सर माइकवर आले म्हणजे काहीतरी गंमत असणार, हे मुलांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. बघता बघता सगळं मैदान हसायला लागलं. सरांनी गप्प बसा म्हणून हात वर केला, तर तेही नक्कल केल्यासारखं वाटलं आणि मुलं आणखी हसली. आमच्यातल्या एका शिक्षकालाही सवयीनं हसू फुटलं, त्यानं तोंडावर रुमाल धरला. मी पायांकडे बघत होते. सर थांबले नाहीत. त्या गोंगाटातच त्यांनी मनातलं सगळं शेवटपर्यंत म्हटलं. ओठ हलताना दिसत होते, पण एरवीचा तो आवाज अगदी खाली आला होता, शब्द एकही ऐकू आला नाही. मग माइक जागेवर ठेवून ते तिसरीच्या रांगेमागं जाऊन उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी फाटकाकडे पाहिलं. गाडीचं इंजिन बंद होतं. महेश उतरून फाटकाचे गज धरून उभा होता. प्रार्थना सुरू झाली तेव्हा तो गेला.

निकालादिवशी दाखला न्यायला तो आलाच नाही. जूनमध्ये आरोही तिसरीच्या वर्गात, सरांच्या वर्गात जाऊन बसली. मला राहवेना. तिला सोडायला आला तेव्हा मी विचारलंच. तो म्हणाला, "माफ केलं असं न्हाय, मॅडम. त्या दिवशी सगळी त्यांच्यावर हसली. मला वाटलंतं, बघून बरं वाटंल. न्हाय वाटलं."

ते सरांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. शिक्षकांच्या बैठकीत ते कधी गंभीरपणे काही मागायचे नाहीत, त्या वर्षी मागितलं. पाण्याची घंटा हवी. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा घंटा झाली की सगळ्या वर्गांनी बाटली काढायची आणि प्यायचं, शिक्षकांनीसुद्धा. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी मोडलेली होती, ती कितीतरी महिने तशीच होती. सर सुतार घेऊन आले आणि तो कडी बसवेपर्यंत मागं उभे राहिले. आपल्या वर्गात त्यांनी सांगून टाकलं, बाहेर जायचं असेल तर विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं. आरोही पहिले काही दिवस उठली नाही. मग एकदा उठली. सरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि ती परत येऊन बसेपर्यंत लिहीत राहिले. ती बसल्यावर वळले तेव्हा फळ्यावर लिहायला जागाच उरली नव्हती.

पण वर्ग पूर्वीसारखा राहिला नाही. सर आता प्रत्येकाला पूर्ण नावानं हाक मारायचे, आणि सवय नसल्यामुळं ती हजेरी घेतल्यासारखी वाटायची. पोरं म्हणायची, सर रागावल्यात. मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलाभोवती गर्दी होईना. जूनमध्येच मावशींनी एक रडणारं पोर त्यांच्याकडे आणून बसवलं होतं. मी दारातच होते. सरांचा हात खिशात गेला, गुळाचा खडा बाहेर आला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पोर आणखी मोठ्यानं रडायला लागलं. सर त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही न्या ह्याला. मला दुसरं काही येत न्हाय."

दिवाळीनंतर आरोहीनं त्यांना विचारलं, "सर, तुम्ही माझ्या पप्पांना शिकवलंय न्हवं? पप्पा कसे होते?"

"सांगतो हं," म्हणून सरांनी तिला जागेवर बसवलं. शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात आले, छोट्या बाकावर गुडघे मुडपून बसले. "लई वेळ आठवून बघितलं, बाई. त्याचं अक्षर कसं हुतं? गणित येत हुतं का? कुणाच्या शेजारी बसायचा? कायसुदिक आठवत न्हाय. वर्षभर पोरगं माझ्यापुढं बसलं आणि मला नाव तेवढं आठवतंय. मीच ठेवलेलं."

"मग तिला काय सांगणार?"

"इचारून येतो."

आणि खरंच ते गॅरेजात गेले. या वेळी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, तरी त्यांच्यासमोरच विचारलं. "महेश, तुझी पोरगी इचारती, तू तिसरीत कसा हुतास. मला आठवत न्हाय. तू सांग."

महेशनं म्हणे हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "चित्रं काढायचो की. बैलांची. तुम्ही एक फळ्याशेजारी लावलंतं वर्षभर."

दुसऱ्या दिवशी सरांनी ते आरोहीला सगळ्या वर्गासमोर सांगितलं. तिचे पप्पा बैलांची चित्रं काढायचे आणि त्यातलं एक इथं, या फळ्याशेजारी होतं. मग बोटानं भिंतीवरची जागा दाखवली. जागा बरोबर होती का, देव जाणे. ती त्या भिंतीकडे बघत बसली.

मे महिन्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले. कपाटातले कपडे मावशींकडे दिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. काही महिन्यांनी कोडोलीला जाऊन राहिले, असं कळलं.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, कोल्हापूरच्या स्टँडवर. हातात औषधांची पिशवी होती, बारीक झाले होते. आम्ही बोलत उभे होतो, तेवढ्यात एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा गर्दीतून धावत आला आणि त्यांच्या पाया पडला. मागं त्याचा मित्र होता. मी त्याला चेहऱ्यावरून ओळखलं, आमच्याच शाळेचा.

"सर, वळखलासा का? आता तुम्हीच सांगा ह्याला, शाळेत मला काय म्हणायचा. ह्यो इश्वासच ठेवत न्हाय."

त्याचा चेहरा आनंदानं नुसता फुललेला. ते नाव त्याला स्वतःला सांगता आलं असतं. पण ते सरांच्याच तोंडून हवं होतं. मलाही ते नाव आठवत होतं. गोड नाव होतं, लागण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाय बाबा आठवत," ते म्हणाले. "वय झालं आता."

"असं काय करता सर? तुम्हीच ठेवलंतं की."

"खरं नाव काय तुझं?"

"ओंकार."

"ओंकार. काय करतोस?"

त्यानं एका वाक्यात सांगितलं. चेहरा उतरला होता, आठ वर्षांच्या पोराचा उतरावा तसा. परत पाया पडला आणि मित्राबरोबर निघाला. मित्र त्याला कोपरानं ढोसत होता, बघ, मी म्हणत नव्हतो?

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला आठवत होतं."

"तेवढंच आठवत हुतं, बाई."

कोडोलीची गाडी लागली. ते सावकाश चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तो पोरगा गेला त्या बाजूला ते बघत होते.